काचेवरची अकरा नावं

रविवार, २ ऑगस्ट १९२५

ही वही माझ्या बायकोने, क्लेलियाने आणून दिली. म्हणाली, "आता तू मॅनेजर झालास. डोक्यात राहत नाही ते वहीत लिहीत जा." माझ्या डोक्यात सगळं राहतं. पण आणलीच आहे तर लिहितो.

काल कमानीखालच्या कॅफेत अध्यक्ष बोनफान्तेसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. एवाझियो रोज्जेरो (म्हणजे मी) बारा वर्षं आपल्या बोर्गो गावाकडून फुलबॅक खेळला, आता तो बूट काढून ठेवील आणि फुटबॉलचा संघ सांभाळील. कुठले अकरा जण खेळायचे तेही तोच ठरवील. आजवर ते ठरवायची कमिटी, म्हणजे अध्यक्ष, औषधवाला आणि नोटरी. तिघांपैकी एकाचाही पाय कधी चेंडूला लागलेला नाही. अध्यक्ष म्हणाले, "कमिटी आता तोंड उघडणार नाही." नोटरीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग मला राहवेना. उभा राहिलो आणि म्हटलं, "एकच सांगतो. माझ्या यादीत पहिलं नाव सेकोंदोचं. ज्या रविवारी सेकोंदो खेळणार नाही, त्या रविवारपासून मी मॅनेजर नाही." टाळ्या पडल्या. सेकोंदो कोपऱ्यात पत्ते खेळत बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं चुकीचं पान टाकलं.

सेकोंदो म्हणजे क्लेलियाचा थोरला भाऊ आणि बारा वर्षं माझ्या शेजारी खेळलेला दुसरा फुलबॅक. असा जोडीदार कोणाला मिळत नाही.

घरी आल्यावर क्लेलिया म्हणाली, "हे बोलायची काय गरज होती? हात दाखवून अवलक्षण." तिला शब्दाची किंमत कळत नाही. तिच्याच भावासाठी बोललो आणि तीच नाराज.

गुरुवार, २० ऑगस्ट

फेडरेशनचा कागद आला. ऑफसाइडचा नियम बदलला आहे. क्लेलियाने दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, दोन्ही वेळा तेच निघालं.

आजवर समोरच्या गड्याकडे चेंडू जाताना त्याच्यापुढे आमचे तिघे असावे लागायचे. गोलकीपर, सेकोंदो आणि मी. नेमक्या वेळी मी दोन पावलं पुढे सरकायचो. गडी माझ्या पाठीमागे पडायचा, त्याच्यापुढे दोघेच उरायचे. सेकोंदो आणि मी एकदम हात वर करायचो आणि रेफरीची शिट्टी वाजायची. त्या हातावर आम्ही बारा वर्षं काढली. आमच्या गावात लग्नात वाद्यं थांबवायची असली तरी म्हातारे तसाच हात वर करतात.

आता म्हणे दोघे पुरेत. म्हणजे मी सरकलो काय न सरकलो काय, गडी मोकळाच. मग मी बारा वर्षं केलं ते काय होतं?

टेबलावर घेवड्याचे दाणे मांडून बसलो. क्लेलिया खांद्यावरून बघत होती. तिने बोटाने दोन दाणे सरकवले. "मग दोघांनीही पुढे सरकायचं."

"मग मागे कोण?"

"कोणी नाही. म्हणून दोघांपैकी एक तरी असा हवा, की फसलं तर धावत परत येईल."

मी म्हटलं, "फुटबॉल म्हणजे शेंगा सोलणं नव्हे." तिने दाणे गोळा केले आणि शिजायला टाकले.

हा नियम नाताळपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस. मी सगळ्यांना तसं सांगून ठेवलं आहे.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

पहिली यादी. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी बाराच्या घंटेला अकरा नावं कॅफेच्या काचेवर लागतात आणि दोन मिनिटांत सगळा बाजार तिथे जमतो. अक्षर चांगलं लागतं, कारण अध्यक्षांना गिचमीड खपत नाही. माझी दोन बोटं चुन्याच्या भट्टीने खाल्लेली, त्यामुळे मी कच्चं लिहितो आणि क्लेलिया पक्कं करते. पाव आणायला जाताना ती कागद कॅफेत देऊन येते. आज काचेवर नावं बघितली तेव्हा छाती फुगली. पहिलं नाव सेकोंदोचं.

रविवार, ४ ऑक्टोबर

पाच-एक. हरलो.

रविवार, ११ ऑक्टोबर

चार-शून्य. पुन्हा हरलो.

काही कळत नाही. माझी जागा मी सेकोंदोला दिली आहे. तो सरकतो, हात वर करतो, मागे नवा फुलबॅक उभा असतो. सगळं पूर्वीसारखंच. पण शिट्टी वाजत नाही. चौथ्या गोलाच्या वेळी चेंडू जाळीत जाऊन पडला तरी सेकोंदोचा हात वरच होता. लोक हसले. मी लाइन्समनला विचारलं, "डोळे घरी ठेवून आलास का?" तो म्हणाला, "नियम वाचा."

खेळ संपल्यावर सेकोंदो बाकावर बसून गुडघा चोळत राहिला. माझ्याकडे बघेना. हरल्याचं त्याला फार लागतं.

सोमवार, १२ ऑक्टोबर

अध्यक्षांनी बोलावलं होतं. संत आंद्रेआच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर गुणतक्त्यातल्या शेवटच्या दोन जागांमधून वर आलो नाही तर यादी पुन्हा कमिटीकडे. "तुमच्यासाठी भट्टीवरची जागा आहेच," म्हणाले. भट्टी त्यांचीच आहे. ते चांगल्या मनाने बोलले असावेत.

घरी सांगितलं तेव्हा क्लेलियाच्या हातातून पळी पडली. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि भट्टी सोड म्हणाले, एवढंच. मग तिला बाजूला नेऊन बराच वेळ बोलत होते. औषधाच्या वेळा सांगत असणार.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

आज काचेवर सेकोंदोचं नाव नव्हतं.

मी यादी तीनदा वाचली. पहिल्या जागी देल्फिनो, बावीस वर्षांचा गाडीवान, ज्याला मी राखीव म्हणूनही धरत नाही. मी काल रात्री जेवणानंतर स्वतःच्या हाताने सेकोंदो लिहिलं होतं. म्हणजे कागद कॅफेत पोचल्यावर कमिटीने हात मारला. तोंड उघडणार नाही म्हणाले होते, हात चालवणार नाही असं कुठे म्हणाले होते?

आत जाऊन विचारणार होतो. पण विचारलं तर सगळ्या गावासमोर ठरतं की मॅनेजर नावापुरता आहे. दारातून परत फिरलो. घरी क्लेलियाला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "असं? बघ हं."

रविवार, १८ ऑक्टोबर

दोन-एक. जिंकलो. देल्फिनो खेचरामागे धावावं तसा धावला.

बाहेर पडताना नोटरीने हात मिळवला. "हिंमत लागते रोज्जेरो, स्वतःच्या मेहुण्याला बसवायला." सत्यानाश तुमचा. चोरी करायची ती करायची आणि वर ज्याच्या घरात केली त्यालाच शाबासकी द्यायची.

सोमवार, १९ ऑक्टोबर

शब्द तो शब्द. राजीनामा लिहिला. चारच ओळी. क्लेलियाकडे दिला आणि म्हटलं, पक्का करून अध्यक्षांकडे पोचव. तिने वाचला. कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाली, "उद्या जाताना नेते."

खरं सांगायचं तर लिहिताना मला रडू आलं. भट्टीची भीती वाटत नाही. पण शनिवारी संध्याकाळी कालव्याकाठच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारताना जे वाटतं ते दुसरीकडे कुठे वाटायचं?

शनिवार, २४ ऑक्टोबर

राजीनाम्याला उत्तर नाही. अध्यक्ष बुधवारी भेटले, द्राक्षांबद्दल बोलले. काल काचेवर पुन्हा देल्फिनो. माझ्या कच्च्या यादीत सेकोंदो होता, मी शपथेवर सांगतो.

दुसरा राजीनामा लिहून क्लेलियाकडे दिला आहे.

रविवार, २५ ऑक्टोबर

एक-एक. बरोबरी.

दुपारी सेकोंदो जेवायला होता. पनिस्सा केला होता, तो भात त्याने तीन वेळा घेतला. मग तळघरातून बाटली आणायला लंगडत गेला आणि खालून गाणं ऐकू आलं. माणूस दुःख किती लपवतो. क्लेलियाने त्याला विचारलं, "गुडघा?" तो म्हणाला, "कोबीचं पान बांधतो. सूज आता उतरतेय." मी मान खाली घालून बसलो. शब्द मी दिला होता आणि तो मोडून खुर्चीला चिकटून बसलोय. मी भित्रा आहे. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

सोमवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. शेवंती घेऊन आम्ही तिघे सासऱ्यांच्या थडग्यावर गेलो. क्लेलिया पाणी आणायला गेली तेवढ्यात सेकोंदो म्हणाला, "एवाझियो, तुला एक सांगायचंय. कसं सांगू कळत नाही."

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "मला सगळं ठाऊक आहे."

तो चरकला. "कधीपासून?"

"पहिल्या शुक्रवारपासून. डोळे आहेत मला."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "आणि तू रागावला नाहीस?"

"तुझ्यावर कशाला रागावू? पण ज्यांनी हे केलं त्यांना मी सोडणार नाही."

त्याने हात सोडला. मग उगाच शेवंती या बाजूची त्या बाजूला ठेवत बसला. क्लेलिया आली तेव्हा तिच्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी दोघांनी मिळून काही फोडलं असावं. माझ्या बाजूने कोणीतरी उभं आहे हे बघून त्याला भरून आलं असणार.

रविवार, ८ नोव्हेंबर

पुन्हा जिंकलो. पण आज जे पाहिलं त्याने डोकं चक्रावलं. चेंडू येताना आमचे दोन्ही फुलबॅक एकदम पुढे सरकले. दोघेही. मागे गोलकीपर सोडून चिटपाखरू नव्हतं. शिट्टी वाजली, ऑफसाइड. एकदा फसलं, तेव्हा देल्फिनोने मागे धावत जाऊन चेंडू कालव्यात घातला.

हे मी शिकवलेलं नाही. मग कोणी? शेजारी सेकोंदो खिशात हात घालून उभा होता. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, "पोरं हुशार आहेत." त्या दोघांना घेऊन तो बुधवारी संध्याकाळी कालव्याकाठी जातो, हे मला माहीत आहे. मन रमवायला जात असेल.

जिंकतोय तरी मला आनंद होत नाही. न केलेल्या कामाची शाबासकी गिळायची म्हणजे मक्याच्या पिठाची शिळी पोलेंता गिळण्यासारखं आहे.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

पाच राजीनामे दिले. एकाचंही उत्तर नाही. अध्यक्ष काल पाठीवर थाप मारून गेले. हा काय खेळ आहे? मला ठेवायचंही नाही, सोडायचंही नाही?

येत्या रविवारी वाल्मोराशी सामना. जिंकलो तर वर, हरलो तर मुदत संपली. मी ठरवलं आहे. या वेळी यादी मी स्वतः लिहिणार, स्वतः चिकटवणार आणि बाराची घंटा होईपर्यंत काचेपुढे उभा राहणार. बघू कोण हात लावतो. सेकोंदो खेळेल. मग पडलो तरी शब्द राखून पडेन.

क्लेलियाला यातलं काही सांगितलेलं नाही.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

झोपण्याआधी आजच लिहितो.

खळीने यादी काचेवर बाहेरून चिकटवली आणि दाराशी उभा राहिलो. घंटा झाली, लोक जमले. नोटरीने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हे कोंबडीने लिहिलंय का?" मग म्हणाला, "सेकोंदो? परत?"

अध्यक्ष बाहेर आले. "रोज्जेरो, सहा रविवार तुम्ही डोक्याने काम केलंत. आता हे काय?"

"मी केलं?" मी विचारलं. "यादी तुम्ही बदलत होता."

"मी दिलेला शब्द पाळतो," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या कागदाला कोणी बोट लावलेलं नाही. विचारा यांना."

औषधवाल्याने मान डोलावली. राजीनाम्यांचं विचारणार होतो, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि सेकोंदो लंगडत आला. त्याने यादी वाचली, नोटरीच्या खिशातली पेन्सिल मागितली, थुंकीने ओली केली आणि स्वतःच्या नावावर काट मारली. वर देल्फिनो लिहिलं.

मी म्हटलं, "सेकोंदो, काय करतोस? मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास," तो म्हणाला. "गुडघा माझा गेलाय. मला विचारलं होतंस?"

त्याने पेन्सिल नोटरीला परत दिली.

"बारा वर्षं तू पुढे सरकलास आणि मी मागे उभा राहिलो. तू एकदाही वळून बघितलं नाहीस, मी आहे की नाही ते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण आता मी तिथे नाहीये, एवाझियो. जूनपासून नाहीये. तुला सांगायला तोंड उघडलं की तू म्हणतोस मला सगळं ठाऊक आहे. म्हणून क्लेलियाला सांगितलं, माझं नाव गाळत जा."

अध्यक्षांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि वाइन मागवली. मी आत गेलो नाही. सरळ घरी आलो. क्लेलिया पोलेंता ढवळत होती. माझं तोंड बघून तिने ढवळणं थांबवलं नाही, थांबवलं तर गुठळ्या होतात.

"राजीनामे कुठे आहेत?" मी विचारलं.

डाव्या हाताने तिने कणकेच्या पेटीखालचा खण ओढला. पाचही होते, माझ्याच अक्षरात.

"नेते म्हणाली होतीस."

"कधी ते नव्हतं सांगितलं."

"क्लेलिया, पुरुषाचा शब्द असतो."

"डॉक्टर मला म्हणाले होते," ती म्हणाली. "भट्टीवर परत गेलास तर दोन हिवाळे. तिसरा नाही. तू मला न विचारता शब्द दिलास, मी तुला न विचारता मोडला. आता मार, रागाव, काय करायचं ते कर. ताट वाढू का?"

मी बसलो. जेवलो. दोन हिवाळे. मला वाटलं होतं औषधाच्या वेळा सांगत होते.

रविवार, २९ नोव्हेंबर

एक-शून्य. जिंकलो. पण कसं जिंकलो ते लिहायला हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

धुकं होतं. सेकोंदो रेघेबाहेर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटची दहा मिनिटं उरली असतील. आमच्या पुढच्या गड्याकडे चेंडू गेला. तो वाल्मोराच्या एका फुलबॅकच्या पलीकडे होता, पुढे फक्त दुसरा फुलबॅक आणि गोलकीपर. जुन्या नियमाने चक्क ऑफसाइड. माझा हात आपोआप वर गेला. शेजारी बघितलं तर सेकोंदोचाही. आमच्याच गड्याविरुद्ध.

वाल्मोराचे दोन्ही फुलबॅक आमच्याच वयाचे. त्यांनी ते हात बघितले आणि थांबले. बारा वर्षं ते हात वर गेले की शिट्टी वाजायची, त्यांना सवय होती. आमचा गडी थांबला नाही. गोल झाल्यावर त्यांनी रेफरीला घेरलं. रेफरी म्हणाला, "रेघेबाहेरचे हात मी मोजत नाही."

मी खरंच मुद्दाम केलं नाही. सेकोंदो हसून हसून खाली बसला, मग गुडघ्यामुळे त्याला उठता येईना. मी त्याला हात दिला. तेव्हा बोललो, "बुधवारी पोरांना तू काय शिकवतोस ते मलाही दाखव." तो म्हणाला, "घेवड्याचे दाणे आण."

शुक्रवार, ४ डिसेंबर

पहाटेपासून पाऊस. देल्फिनोचा पाय मुरगळला आहे. त्याच्या जागी कोण, यावर रात्रभर विचार केला. दोन पोरं आहेत, दोघांपैकी कोणता बरोबर ते मला ठरवता येईना. नियम मला अजून नीट कळलेला नाही. नाताळ तीन आठवड्यांवर आला, तरी तो परत जाईल असं वाटत नाही.

यादी कच्ची लिहिली. क्लेलियाने डोक्याला रुमाल बांधला, दौत काढली, कागद पुढे ओढला आणि बोट फिरवत मोजलं.

"दहाच आहेत," ती म्हणाली. "एक राहिलं."

मी म्हटलं, "माझं अक्षर वाईट आहे. ते तू लिही."